कामावर संसर्ग निघाला तर कोणाला काय सांगायचं, काय नाही

जळगाव एमआयडीसीतली डाळ मिल असो, चटईचा कारखाना असो, सावदा-रावेरकडचं केळीचं पॅकिंग हाऊस असो की नंदुरबारची मिरची वाळवायची पथारी. तिथे कुणाला टीबी निघाला, कावीळ झाली, अंगावर कांजण्या उठल्या की जेवणाच्या सुट्टीपर्यंत बातमी गेटबाहेर पडते आणि संध्याकाळच्या एसटीने गावात पोचते. यातल्या बहुतेक ठिकाणी एचआर नावाचा विभाग नसतो. शेठ, सुपरवायझर, हिशेब बघणारा आणि मजुरांचा मुकादम, एवढ्यांनीच काय ते ठरवायचं असतं. बाकीच्यांच्या तब्येतीला धोका नको आणि आजारी माणसाची अब्रूही जायला नको, ही दोन्ही कामं त्यांच्याच गळ्यात. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि उद्या ज्याच्या हातात रिपोर्ट येईल त्या कामगारासाठीही.

या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असं सगळे धरून चालतात. मला ते पटत नाही. ज्या शेडमध्ये एकाचं नाव चव्हाट्यावर आलं, तिथला पुढचा माणूस खोकला दाबून, गोळ्या खिशात लपवून कामावर येत राहतो, आणि महिनाभर कुणाला पत्ता लागत नाही. ज्या शेडमध्ये नाव सांभाळलं जातं, तिथे माणूस पहिल्याच आठवड्यात येऊन सांगतो. नाव गुप्त राहणं ही बाकीच्यांच्या सुरक्षिततेचीच पहिली पायरी आहे. पुढचं सगळं याच समजुतीवर उभं आहे.

आजार येण्याआधी: सांगायचं कुणाजवळ ते ठरवा

आजार निघाला तर कोणाला सांगायचं, हे नावानिशी ठरवून सगळ्यांना सांगून ठेवा. तो एकच माणूस असावा, फार तर दोन. जिथे बायका जास्त आहेत, मिरचीचे देठ खुडायला, केळीच्या फण्या धुवायला, तिथे एक बाई हवीच. मुकादमाला हे काम देऊ नका. उचल देणारा तोच, माणसं आणणारा तोच, पुढच्या हंगामाला कोणाला घ्यायचं ते ठरवणाराही तोच. त्याच्याजवळ आजार सांगायचा म्हणजे पोटावर पाय पडण्याची भीती, म्हणून मजूर गप्प बसतो.

हजेरीच्या मस्टरमध्ये फक्त ‘आजारी रजा’ लिहा. मस्टर दिवसभर टेबलावर उघडं असतं आणि सही करायला आलेला प्रत्येक जण वरची-खालची ओळ वाचतो. डॉक्टरांचे कागद बंद पाकिटात, कुलपाच्या कपाटात, आणि किल्ली त्या ठरलेल्या माणसाकडे.

आता व्हॉट्सॲप. नावं बाहेर पडण्याची सगळ्यात मोठी वाट आज हीच आहे. कामगार स्वतःच भाबडेपणाने रिपोर्टचा फोटो कामाच्या ग्रुपवर टाकतो, साहेबांना खरं वाटावं म्हणून. ग्रुप ॲडमिनने तो तिथल्या तिथे सगळ्यांसाठी डिलीट करावा आणि त्या माणसाला वेगळा फोन करावा. ग्रुपवर ‘आज येत नाही’ एवढंच लिहायचं, हा नियम आजच करून टाका. खासगीपणा हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातला मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मालकांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यापुढच्या अठरा महिन्यांनी लागू होतात, पण सवय लावायला तोपर्यंत थांबायचं कारण नाही. हा कायदा डिजिटल माहितीसाठी आहे. नुसत्या वहीतलं लिखाण त्यात येत नाही, मात्र त्याच वहीच्या पानाचा फोटो काढून पाठवला की येतं. साथीच्या वेळी उपचारासाठी किंवा नोकरीशी संबंधित काही कारणांसाठी संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा हा कायदा देतो. ती मुभा त्या कामापुरतीच आहे, गावभर सांगण्यासाठी नाही.

पहिलं बोलणं

माणूस सांगायला आला की त्याला मशीनजवळ उभं ठेवून बोलू नका. दार लावता येईल अशा ठिकाणी बसवा, पाणी द्या, आणि पहिलं वाक्य हे असू द्या: “दादा, तुमचं नाव आम्ही कुणाला सांगणार नाही. पण लोक अंदाज बांधतील, ते आमच्या हातात नाही.” जेवढं पाळता येईल तेवढंच वचन द्या.

विचारायचं ते इतकंच: त्रास कधी सुरू झाला, त्या दिवसांत कुठल्या पाळीत, कुठल्या जागेवर काम केलं, कोणाबरोबर जेवलात किंवा एका खोलीत झोपलात, आणि डॉक्टरांनी घरी किती दिवस थांबायला सांगितलं. आजार कुठून आला, घरात कोणाला आहे, लग्नाचं काय, हे विचारायचं नाही. सर्टिफिकेटवर कामाला योग्य की अयोग्य, किती दिवस, आणि परतल्यावर कुठलं काम टाळायचं, एवढं पुरतं. आजाराचं नाव मागायचं ते फक्त इतरांना जपण्यासाठी ते कळणं गरजेचं असेल तेव्हा.

यावल-रावेरच्या केळीत सातपुड्यातून आलेले पावरा, बारेला मजूर असतात, नंदुरबारकडे भिल्ल मजूर. अनेकांना मराठी पुरती येत नाही, मग दुभाष्या म्हणून हमखास मुकादमालाच बोलावलं जातं आणि सगळी गुप्तता तिथेच संपते. कोणाला बसवायचं हे त्या मजुरालाच विचारा. मावसभाऊ चालेल की गावचा दुसरा कोणी, की बायकोला फोनवर घ्यायचं, ते तो सांगेल. गावातल्या आशाताईंची भाषा जमत असेल तर त्या सगळ्यात बऱ्या. असली बोलणी त्या रोज करतात.

आजार पसरतो कसा, हे आधी पाहा

इथे घाई केली की सगळं चुकतं. बाकीच्यांना काय सांगायचं आणि कोणाला बाजूला करायचं, हे आजाराच्या नावाच्या भीतीवर ठरवायचं नसतं. तो एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा, त्यावर ठरवायचं.

टीबीपासून सुरुवात करू. फुफ्फुसाचा टीबी हवेतून पसरतो आणि बंद जागेत तासन्‌तास सोबत असलेल्यांना धोका जास्त. ताट, पेला, टॉवेल, हात मिळवणं यांतून तो लागत नाही. म्हणून त्याचा पेला वेगळा काढणं हा नुसता अपमान आहे, त्याने बचाव होत नाही. औषधाला दाद देणाऱ्या टीबीचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा, पण योग्य औषधं सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. कामावर कधी यायचं ते डॉक्टर ठरवतील. आणि मानेच्या गाठीचा किंवा मणक्याचा टीबी सहसा दुसऱ्याला लागतच नाही. तेव्हा रिपोर्टवर ‘टीबी’ दिसला की सगळ्या शेडला सांगत सुटू नका. आधी कुठला टीबी ते विचारा. मणक्याचा असेल तर शेडला सांगण्यासारखं काही उरतच नाही.

फुफ्फुसाचा असेल तर आरोग्य कर्मचारी सोबतच्यांची तपासणी करतात. त्यांना विनंती करा की दोघा-चौघांना बाजूला न काढता पूर्ण पाळीचीच तपासणी करा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला कोणाला आहे, हे शंभर जणांना एकदम विचारलं की कोणावर बोट उठत नाही, आणि डाळ मिलमध्ये ‘धुळीचा खोकला’ म्हणून राहून गेलेला एखादा रुग्णही सापडतो. खिडक्या उघडा. ज्या शेडमधून वारा आरपार जातो तिथे धोका कमी असतो. एसी लावून दार बंद केलेल्या ऑफिसात तो जास्त.

कावीळ हे सगळ्यात फसवं प्रकरण. ए आणि ई प्रकारची कावीळ दूषित पाण्या-अन्नातून पसरते. ए काविळीत डोळे पिवळे दिसण्याच्या आधीच्या साधारण दोन आठवड्यांत विषाणू सर्वात जास्त बाहेर पडतो. म्हणजे तुम्हाला कळेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. अशा वेळी ‘कोण तो’ हे शोधत बसण्यापेक्षा पाण्याची टाकी बघा. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, माठाभोवती गर्दी असते आणि त्यात एकच पेला बुडवला जातो. तोटीचा माठ ठेवा, नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं तरी. टाकी धुवा, क्लोरिन टाका, संडासाजवळ साबण ठेवा. हे सगळं एकही नाव न घेता होतं. ई प्रकार गरोदर बायकांना जिवावर बेतू शकतो, म्हणून हे काम त्याच दिवशी करायचं.

बी आणि सी प्रकारची कावीळ मात्र रक्तातून पसरते, शेजारी बसून जेवण्याने नाही. तेव्हा इतरांना काहीही सांगायचं नाही. जखमेवर पट्टी बांधताना हातमोजे घालायचे, आणि ते सगळ्यांच्याच जखमेसाठी. कोणाच्या रक्तात काय आहे हे माहीत नसलं तरी प्रथमोपचार सुरक्षित व्हायला हवा.

आणि एक गोष्ट खास आपल्या भागातली. अक्कलकुवा, धडगावकडच्या मजुराचे डोळे पिवळसर दिसले, तो वरचेवर थकतो, हाडं दुखतात म्हणतो, तर ते सिकलसेल असू शकतं. तो रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, तांबड्या पेशी लवकर फुटतात म्हणून डोळे पिवळे होतात, आणि तो कोणालाही लागत नाही. नुसत्या डोळ्यांवरून ‘काविळीचा आहे, घरी पाठवा’ म्हणणं त्या माणसावर अन्याय आहे. तसंच जिनिंगमधल्या माणसाचा छातीचा त्रास कापसाच्या धुळीने होऊ शकतो. तो संसर्ग नाही, तो कामाच्या जागेचा दोष आहे, आणि तिथे लपवायचं काहीच नाही. धूळ कमी करणं ही मालकाची जबाबदारी.

कांजण्या अंगावर फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत पसरतात, आणि लागण झाल्यावर दिसायला १० ते २१ दिवस लागतात. डोळे आले तर माणूस घरी, टॉवेल वेगळा, हात धुणं, झालं. खरूज निघाली तर कामगारांच्या खोलीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावायचं, नाहीतर ती फिरत राहते. डेंग्यू माणसातून माणसात जात नाही, डासातून जातो. जिथे नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथे ड्रम भरून ठेवले जातात, तेच ड्रम आठवड्यातून एकदा घासून कोरडे करा.

खाण्याचा माल जिथे हाताळला जातो तिथे नियम वेगळा आहे. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांप्रमाणे अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडसारख्या पोटाच्या आजारांची लस द्यावी लागते, आणि संसर्गजन्य आजार असताना अन्नाला हात लावता येत नाही. कँटीनच्या आचाऱ्याला जुलाब, ताप, कावीळ असेल तर त्याला तिथून हटवावंच लागेल, यात खासगीपणाची सबब नाही. पण हटवायचं कारण सांगावं लागत नाही. “आठ दिवस तुम्ही गोडाउनला बघा” एवढं पुरतं, आणि तेही तो काम करण्याइतका बरा असेल तरच.

सोबतच्यांना सांगणं

सोबतच्यांना हवं असतं ते तीन गोष्टींचं उत्तर: मला धोका आहे का, कुठल्या दिवसांचा, आणि मी आता काय करू. माणसाचं नाव कळल्याने यातल्या एकाचंही उत्तर मिळत नाही. नोटीस साधारण अशी असावी:

“आपल्या पॅकिंग विभागात एका व्यक्तीला कांजण्या झाल्याचं कळलं आहे. ३ ते ५ तारखेला दुसऱ्या पाळीत जे विभागात होते, त्यांना पुढच्या तीन आठवड्यांत ताप किंवा अंगावर फोड आले तर त्यांनी कामावर न येता आधी फोन करावा. त्या दिवसांची मजुरी कापली जाणार नाही. गरोदर असलेल्या किंवा तशी शक्यता असलेल्या महिलांनी, तसंच ज्यांची प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत त्यांनी, आजच आपल्या डॉक्टरांना विचारावं. आम्हाला कारण सांगायची गरज नाही. आजार कोणाला झाला याची कोणी चौकशी करू नये.”

यातलं ‘आम्हाला कारण सांगायची गरज नाही’ हे वाक्य गाळू नका. दुसऱ्या महिन्याची गरोदर बाई अजून सासरीही बोललेली नसते. एकाचं गुपित जपताना दुसरीचं उघडं पाडायचं नाही. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी हेच पाळी सुरू होताना तोंडी सांगा, त्यांच्या बोलीत.

मग कोणीतरी येऊन विचारणारच, “भाऊ, कोन शे तो?” उत्तर एकच: “नाव सांगणार नाही. उद्या तुम्हाला काही झालं तर तुमचंही सांगणार नाही.” इथे एक सापळा आहे. “अमका आहे का?” याला ‘नाही’ म्हणू नका, जरी तो खरंच नसला तरी. पाच नावांना ‘नाही’ म्हणून सहाव्याला गप्प राहिलात की सांगून टाकल्यासारखंच झालं. पहिल्या नावापासून तेच उत्तर द्या.

पाच जणांची केळी कापणारी टोळी असेल तर नोटीस लावणं म्हणजे नाव लिहिणंच. अशा वेळी आजारी माणसालाच विचारा: तो स्वतः सोबत्यांना फोन करील का, की त्याच्या शब्दांत तुम्ही सांगायचं, की सूचना पूर्ण पॅकिंग हाऊसला द्यायची म्हणजे टोळी ओळखू येणार नाही. पुष्कळ जण स्वतः सांगणं पसंत करतात, फक्त आधी घरी सांगायला त्यांना एक रात्र हवी असते. डॉक्टरांनी ‘आजच सांगा’ म्हटलं नसेल तर ती रात्र त्यांना द्या.

सरकारला कोण कळवतं

टीबीची नोंद २०१२ पासून सक्तीची आहे, पण ती डॉक्टर, प्रयोगशाळा आणि औषध दुकानदार सरकारच्या निक्षय या टीबी नोंदणीच्या पोर्टलवर करतात. मालकाने तालुक्याला यादी पाठवायची नसते. एकाच वेळी अनेकांना जुलाब किंवा कावीळ झाली तर मात्र महापालिकेच्या, नगरपालिकेच्या आरोग्य विभागाला किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवा. अधिकाऱ्यांनी नावं मागितली तर द्या, पण त्यांच्याच हातात, कागदावर, आणि दिल्याची तारीख लिहून ठेवा. २०२० मध्ये करोनाच्या याद्या नावा-पत्त्यांसकट मोबाइलवर कशा फिरल्या आणि त्या घरांना काय भोगावं लागलं, हे आपण खान्देशात पाहिलेलं आहे. सक्षम अधिकाऱ्याचा तसा खास आदेश असल्याशिवाय रुग्णांच्या दारावर पोस्टर लावू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२० रोजी सांगितलं.

मजुरीचं काय

ज्याची रोजची मजुरी बुडते तो आजार लपवणारच, मग तुम्ही किती का पोस्टर लावा. ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, लागू असलेल्या कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के मिळतात. टीबी, कुष्ठरोग अशा लांबलेल्या आजारांत, पात्रतेच्या अटी बसल्या तर, ८० टक्क्यांनी मुदत दोन वर्षांपर्यंत वाढते. ही माहिती फार थोड्यांना असते, म्हणून तुम्ही सांगा आणि फॉर्म भरायला मदत करा. टीबीच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात मिळतात, आधी ते ५०० होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून वाढले. टीबीसाठी मोफत हेल्पलाइन १८००-११-६६६६.

हंगामी टोळ्यांना ईएसआय नसतो. तिथे मालकांनी निदान पहिल्या आठवड्याची मजुरी द्यावी असं मी आग्रहाने म्हणेन. पूर्ण टोळी आडवी पडली आणि तयार माल शेतात उभा राहिला, तर होणारं नुकसान याहून कितीतरी मोठं असतं.

परत कामावर

डॉक्टरांनी ‘कामाला योग्य’ लिहिलं की प्रश्न संपला. पुन्हा रिपोर्ट मागू नका, ‘अजून आठ दिवस थांब’ म्हणू नका, सगळ्यांसमोर “आता बरा ना रे?” असं विचारूही नका. त्याची जुनी जागा, जुनी पाळी, जेवणातली जुनी पंगत त्याला मिळाली पाहिजे. कुष्ठरोगाच्या बाबतीत हे जास्त सांगावं लागतं. बहुविध औषधोपचार सुरू झाला की संसर्गाची शक्यता फार लवकर संपते, तरी लोक वर्षानुवर्षं शेजारी बसत नाहीत. अशा वेळी सुपरवायझरने स्वतः त्याच्याशेजारी डबा उघडावा.

एचआयव्हीसाठी स्वतंत्र कायदा आहे, २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. नोकरी देण्यापूर्वी एचआयव्हीची चाचणी मागता येत नाही, संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करता येत नाही, आणि त्या कारणाने भेदभाव करता येत नाही. त्याच्याही वीस वर्षं आधी, १९९७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने एका तात्पुरत्या (कॅज्युअल) कामगाराच्या प्रकरणात निकाल दिला होता: माणूस काम करायला सक्षम असेल आणि इतरांना धोका नसेल, तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून त्याला काम नाकारता येणार नाही. आणि तो खटला कामगाराचं खरं नाव न छापता, नुसत्या अक्षरांवर चालला. एचआयव्हीबाबत काही विचारायचं असेल तर १०९७ वर फोन करता येतो.

नाव फुटलंच तर

इतकं करूनही कधी नाव बाहेर पडतं. तेव्हा आधी त्या माणसाला फोन करा, दुसऱ्याकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळू द्या. ग्रुपवरचा मजकूर काढा, पुढे पाठवलेल्यांनाही काढायला सांगा. ज्याने फोडलं त्याच्याशी एकट्याने बोला, सगळ्यांसमोर झापलं की आजारी माणसाचीच चर्चा पुन्हा सुरू होते. त्या माणसाला हवं असेल तर पाळी किंवा विभाग बदलून द्या, पण विचारून. न विचारता हलवलं तर ती शिक्षाच ठरते. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एचआयव्ही कायद्याखाली तक्रार अधिकारी नेमावाच लागतो, दवाखान्यांना तर वीस माणसांपासूनच. त्याच अधिकाऱ्याकडे बाकीच्या आजारांच्या तक्रारीही द्या आणि त्याचा मोबाइल नंबर मस्टरच्या टेबलाशेजारी, मोठ्या अक्षरात, आजच लावा.